दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को : विमानाचे अंतर, उड्डाणाचा वेळ आणि दोन घड्याळांचा हिशेब

आमचे गाव वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात आहे. मी भूगोल आणि गणित शिकवून निवृत्त झालो, त्यामुळे गावातले कोणी परदेशी निघाले की तिकिटाचा कागद किंवा मोबाइलवरचा फोटो घेऊन लोक माझ्या ओसरीवर येतात. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत शेजारचा एक मुलगा नोकरीसाठी सॅन फ्रान्सिस्कोला निघाला, तेव्हा त्याची आजी आली. दिल्लीहून विमान पहाटे चारला सुटणार आणि त्याच तारखेला सकाळी साडेसहाला तिकडे उतरणार, असे तिकिटावर छापलेले होते. आजी म्हणाली, "गुरुजी, चारले निंगते अन् साडेसहाले पोचते म्हंते. म्हंजे अडीचच घंटे? आपल्याले त नागपूरले जाले याच्याहून जास्त लागते!"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. आजीची वजाबाकी बिनचूक होती. फक्त ज्या दोन आकड्यांची वजाबाकी तिने केली ते दोन वेगळ्या घड्याळांतले होते. शिकलेली माणसेही इथेच फसतात, कारण तिकिटावरच्या वेळा शेजारी-शेजारी छापलेल्या असतात आणि त्यांत जमिनीवरचे अंतर, हवेत घालवलेला वेळ व दोन गावांच्या घड्याळांतला फरक या तिन्ही गोष्टी एकमेकींत मिसळून गेलेल्या असतात. त्या सुट्या करून पाहिल्या की बाकीचा हिशेब शाळेतल्या अंकगणिताचा आहे. पुढे सगळीकडे मी दिल्ली आणि सॅन फ्रान्सिस्को हीच जोडी उदाहरणाला घेतली आहे. वाचकाने आपापली शहरे घालावीत.

अंतर : पृथ्वीगोल आणि गोधडीचा दोरा

दोन दूरच्या शहरांमधले अंतर भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून मोजू नये. आमच्याकडे वरुड-मोर्शीची संत्री घरोघरी येतात, म्हणून त्यांचेच उदाहरण देतो. संत्र्याचे साल अखंड सोलून पाटावर सपाट दाबले तर ते कडेला फाटते. फाटू द्यायचे नसेल तर ते ताणावे लागते. जगाचा सपाट नकाशा असाच ताणलेला असतो, आणि ध्रुवांकडे हा ताण वाढत जातो. शाळेतल्या नेहमीच्या नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेएवढे दिसते. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे चौदापट आहे. अशा नकाशावर दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जायचे तर माणूस एकतर युरोप आणि अटलांटिकवरून आडवी रेघ ओढतो, नाहीतर चीन-जपानवरून. या दोन्ही रेघा सर्वांत जवळच्या वाटेच्या नाहीत.

जवळची वाट पाहायची असेल तर पृथ्वीगोल घ्यावा. जवळपासच्या शाळेच्या कपाटात एखादा धूळ खात पडलेला असतोच. न ताणणारा दोरा घ्यावा. गोधडी शिवायचा जाड दोरा चांगला, रबरासारखा ताणणारा धागा नको. आधी तो दोरा विषुववृत्तावरून एक वेढा फिरवून मोजावा. आमच्या शाळेचा गोल ३० सेंटीमीटर व्यासाचा आहे आणि वेढा ९४ सेंटीमीटर भरतो. विषुववृत्ताचा खरा परीघ सुमारे ४०,०७५ किलोमीटर आहे, म्हणून या गोलावर एक सेंटीमीटर म्हणजे साधारण ४२६ किलोमीटर. आता दोऱ्याचे एक टोक दिल्लीवर बोटाने दाबून दुसरे सॅन फ्रान्सिस्कोवर न्यावे आणि दोरा घट्ट ओढावा. ओढल्यावर तो आपोआप सरकतो आणि कमीत कमी लांबीच्या जागी बसतो. हे सरकणे मुलांना एकदा तरी स्वतःच्या बोटाने अनुभवू द्यावे, कारण दोरा पूर्वेलाही जात नाही आणि पश्चिमेलाही जात नाही, तो सरळ उत्तरेकडे चढतो : तिबेट, चीनचा पश्चिम भाग, रशियाचा सायबेरिया, आर्क्टिक महासागराची कड, अलास्का आणि तिथून उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याने खाली. दोरा मोजला की २९ सेंटीमीटर भरतो. २९ गुणिले ४२६ म्हणजे १२,३५४ किलोमीटर.

एवढ्या साध्या साधनाने आलेले हे उत्तर किती खरे आहे ते गणिताने पडताळता येते. त्यासाठी दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश लागतात. ते मोबाइलवरच्या नकाशात विमानतळाच्या जागेवर बोट दाबून धरले की दिसतात. दिल्लीचा विमानतळ २८.५७ अंश उत्तर आणि ७७.१० अंश पूर्व येथे आहे, तर सॅन फ्रान्सिस्कोचा ३७.६२ अंश उत्तर आणि १२२.३८ अंश पश्चिम येथे. एक रेखांश पूर्वेचा व दुसरा पश्चिमेचा असेल तर त्यांची बेरीज करायची. दोन्ही एकाच बाजूचे असतील तर वजाबाकी. येथे बेरीज १९९.४८ येते, आणि ती १८० पेक्षा जास्त असल्यामुळे ३६० मधून वजा करून १६०.५२ अंश घ्यायचे. आता दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करावा (साइन आणि कोसाइन म्हणजे कॅल्क्युलेटरवरची sin आणि cos ही बटणे) : ०.४७८२ गुणिले ०.६१०४, म्हणजे ०.२९१९. मग दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा गुणाकार, ०.८७८२ गुणिले ०.७९२१, म्हणजे ०.६९५६; त्याला रेखांशांतल्या फरकाच्या कोसाइनने, म्हणजे उणे ०.९४२८ ने गुणले की उणे ०.६५५८ मिळतात. या दोन संख्यांची बेरीज उणे ०.३६३९ होते. कोणत्या कोनाचा कोसाइन एवढा आहे ते कॅल्क्युलेटरला उलटे विचारले की तो १११.३४ अंश सांगतो. पृथ्वीच्या पृष्ठभागावरचा एक अंश म्हणजे १११.२ किलोमीटर, म्हणून गुणाकार १२,३८१ किलोमीटर. दोऱ्याचे उत्तर आणि गणिताचे उत्तर यांत तीस किलोमीटरांचाही फरक नाही!

हे गणित मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरवर करताना तो अंशांवर लावलेला आहे याची आधी खात्री करावी. मी पहिल्यांदा केले तेव्हा माझा कॅल्क्युलेटर रेडियनवर, म्हणजे कोन मोजण्याच्या दुसऱ्याच एककावर होता आणि उत्तर असे आले की मुलाला अमेरिकेऐवजी भलतीकडेच उतरावे लागले असते. दुसरी काळजी दक्षिण गोलार्धाची. सिडनी किंवा जोहान्सबर्गसारखे शहर असेल तर त्याचा अक्षांश उणे चिन्हासह घालावा. पृथ्वी पूर्ण गोल नसून ध्रुवांशी किंचित चपटी आहे, त्यामुळे या रीतीने येणाऱ्या उत्तरात अर्ध्या टक्क्यापर्यंत चूक राहू शकते. आपल्या कामाला ती चालते.

इंटरनेटवर दोन शहरांची नावे टाकून अंतर सांगणारी साधने भरपूर आहेत आणि ती हेच गणित करतात. मात्र आकडा वाचताना एकक पाहावे. विमानाच्या जगात समुद्री मैल चालतो, अमेरिकी संकेतस्थळांवर साधा मैल येतो आणि आपण विचार किलोमीटरमध्ये करतो. साधा मैल १.६०९ किलोमीटरचा आणि समुद्री मैल १.८५२ किलोमीटरचा, म्हणजे आपलेच १२,३८१ किलोमीटर एके ठिकाणी सुमारे ७,७०० आणि दुसऱ्या ठिकाणी सुमारे ६,७०० दिसतील, आणि तिन्ही आकडे बरोबर असतील. समुद्री मैलाचे मूळही लक्षात ठेवण्यासारखे आहे : अक्षांशाच्या एका अंशाचे साठ भाग केले तर त्यांतला एक भाग म्हणजे एक समुद्री मैल.

वाटेत थांबा असेल तेव्हा

नागपूरहून सॅन फ्रान्सिस्कोला थेट विमान नाही, म्हणून प्रत्येक टप्प्याचे अंतर वेगळे काढून बेरीज करावी लागते. नागपूरहून सरळ रेषेत सॅन फ्रान्सिस्को सुमारे १३,११० किलोमीटर आहे. दिल्लीमार्गे गेले तर ८५५ अधिक १२,३८१, म्हणजे सुमारे १३,२४० किलोमीटर. वळसा जेमतेम १३० किलोमीटरांचा. मुंबईमार्गे गेले तर ६८० अधिक १३,५१०, म्हणजे १४,१९०. दोहामार्गे गेले तर पंधरा हजार आठशेच्या पुढे. म्हणजे दिल्ली आपल्या वाटेवरच आहे, मुंबईला जाणे म्हणजे उलटे जाणे आहे आणि आखातातून जाणे हा मोठा वळसा आहे. लंडनला जाणाऱ्याचे गणित अर्थातच वेगळे येईल, कारण त्याची दिशा वेगळी. नागपूर ते लंडन सरळ अंतर सुमारे ७,४७० किलोमीटर आहे.

जाता जाता एक नोंद. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर लांब आहे आणि नागपूर-मुंबई हवाई अंतर ६८० किलोमीटरच्या आसपास. रस्ता हवाई रेषेच्या इतका जवळ जाणे आपल्याकडे विरळा. रेल्वेला हेच अंतर सव्वाआठशेच्या पुढे पडते.

उड्डाणाचा वेळ

लांब पल्ल्याची जेट विमाने दहा ते बारा किलोमीटर उंचीवरून ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने जातात. पण म्हणून अंतराला ९०० ने भागून मोकळे होऊ नये. विमान धावपट्टीपर्यंत सरपटत जाते, रांगेत थांबते, चढते, उतरताना वेग कमी करते, कधी घिरट्या घालते. तिकिटावरचा वेळ दारापासून दारापर्यंतचा असतो, म्हणजे विमान आपल्या जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागी लागेपर्यंतचा. मी वापरतो ती रीत अशी : अंतराला ८५० ने भागावे आणि आलेल्या वेळात चाळीस मिनिटे मिळवावीत. नागपूर-मुंबईचे ६८० किलोमीटर म्हणजे ४८ मिनिटे, अधिक चाळीस, जवळपास दीड तास; वेळापत्रकात साधारण तेवढाच असतो. नागपूर-दिल्ली एक तास चाळीस मिनिटे. दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को चौदा तास चौतीस मिनिटे अधिक चाळीस, म्हणजे सव्वापंधरा तास. मुलाच्या तिकिटाप्रमाणे मात्र सोळा तास होत होते. ही पाऊण तासाची तफावत रीत चुकल्यामुळे आलेली नाही. ती वारा आणि वाट या दोन गोष्टींची आहे.

वाऱ्याचे आधी सांगतो, कारण मला त्यात सर्वांत जास्त गोडी आहे. विमाने ज्या उंचीवरून उडतात तिथे दोन्ही गोलार्धांच्या मध्य अक्षांशांत पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान हवेचे पट्टे वाहतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. त्यांचा वेग ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर असणे नित्याचे आहे आणि हिवाळ्यात तो आणखी वाढतो. तळेगावच्या रस्त्यावर समोरून वारा असताना सायकल चालवलेल्या माणसाला पुढचे समजावून सांगावे लागत नाही. फरक एवढाच की सायकल जमिनीला धरून असते, तर विमान त्या वाहत्या हवेतच तरंगत असते. हवेच्या तुलनेत त्याचा वेग ९०० असेल आणि पाठीमागून १५० चा वारा असेल तर जमिनीच्या तुलनेत ते १,०५० ने पुढे सरकते, आणि वारा समोरून असेल तर ७५० नेच. मुंबईहून लंडनला जाताना येतानापेक्षा साधारण पाऊण ते एक तास जास्त लागतो तो यामुळे.

याच दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को मार्गावर ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने जे केले ते भूगोलाच्या प्रत्येक तासाला सांगण्यासारखे आहे. तोपर्यंत हे विमान अटलांटिकवरून, सुमारे १३,९०० किलोमीटरच्या वाटेने, समोरचा वारा अंगावर घेत जात असे. त्या महिन्यात ते पूर्वेकडून पॅसिफिकवरून नेण्यात आले. ही वाट सुमारे १५,३०० किलोमीटरची, म्हणजे १,४०० किलोमीटरांनी लांब; तरीही विमान साडेचौदा तासांत पोहोचले आणि जवळजवळ दोन तास वाचले. १५,३०० ला साडेचौदाने भागून पाहावे : ताशी १,०५५ किलोमीटर. विमानाला एवढा वेग स्वतःच्या बळावर गाठता येत नाही. वरचे दीडशे वाऱ्याने दिलेले आहेत. म्हणून दोन वाटांपैकी लांबची वाट लवकर पोहोचवणारी निघाली तर आश्चर्य मानू नये, आणि अंतर कमी म्हणून वेळ कमी असे कोणालाही छातीठोकपणे सांगू नये.

दुसरे कारण वाटेचे. पृथ्वीगोलावरचा दोरा कोणालाही न विचारता कुठूनही जातो. विमानाला तसे जाता येत नाही. तिबेटच्या पठाराची सरासरी उंची सुमारे साडेचार हजार मीटर आहे. विमानातल्या हवेचा दाब अचानक गेला तर विमानाला लगेच तीन हजार मीटरच्या आसपास खाली यावे लागते, कारण प्रवाशांच्या तोंडावर येणाऱ्या मास्कमधला प्राणवायू थोडी मिनिटेच पुरतो. जमीनच त्याहून उंच असेल तर खाली यायला जागा कुठे? म्हणून तो भाग विमाने बहुधा टाळतात. मग देशादेशांमधले वाद आहेत. युक्रेनवरील आक्रमणानंतर २०२२ पासून युरोप, ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांच्या कंपन्यांची विमाने रशियावरून जात नाहीत. २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपली हवाई हद्द बंद केली आणि ३० एप्रिलला भारतानेही तसेच केले. त्यामुळे दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या भारतीय विमानांना गुजरात आणि अरबी समुद्रावरून वळसा घ्यावा लागला आणि उत्तर अमेरिकेच्या काही उड्डाणांना इंधनासाठी युरोपात उतरावे लागले. सांगायचा मुद्दा असा की गेल्या वर्षी कोणाला किती तास लागले होते ते यंदाच्या प्रवाशाला सांगू नये. विमानांचा माग दाखवणारी फ्लाइटरडार२४ सारखी संकेतस्थळे आहेत. आपल्या उड्डाणाचा क्रमांक टाकून गेल्या आठवड्यातली त्याची पाच-सहा उड्डाणे पाहिली की खरी वाट आणि खरा वेळ दोन्ही कळतात.

दोन घड्याळे

आता आजीच्या प्रश्नाकडे येऊ. तिकिटावर सुटण्याची वेळ सुटण्याच्या गावची असते आणि पोहोचण्याची वेळ पोहोचण्याच्या गावची. हा नियम जगभर एकच आहे, कोणत्याही कंपनीचे तिकीट असो. म्हणून वजाबाकी करण्याआधी दोन्ही वेळा एकाच घड्याळात आणाव्यात, आणि ते घड्याळ आपले भारतीयच असावे, कारण घरच्यांच्या भिंतीवर तेच आहे.

पृथ्वी एका तासात १५ अंश फिरते, म्हणजे एका अंशाला चार मिनिटे. भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश पूर्व रेखांशावर ठरवलेली आहे. त्याला चारने गुणले की ३३० मिनिटे, म्हणजे ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. सॅन फ्रान्सिस्को हिवाळ्यात ग्रिनिचच्या आठ तास मागे असते. दोन्हींची बेरीज साडेतेरा तास : आपण साडेतेरा तास पुढे, ते मागे. आता हिशेब सोपा आहे. विमान १५ जानेवारीला पहाटे चारला सुटले. उड्डाण सोळा तासांचे, म्हणजे आपल्या घड्याळात १५ तारखेचे रात्रीचे आठ वाजले असताना ते उतरले. आठमधून, म्हणजे वीस तासांमधून, साडेतेरा वजा केले की साडेसहा राहतात : तिकडची १५ जानेवारीची सकाळ. उलट करून पाहायचे असेल तर तिकिटावरच्या साडेसहात साडेतेरा मिळवावेत, रात्रीचे आठ येतात, आणि त्यातून पहाटेचे चार वजा केले की सोळा तास. आजीला मी हे भिंतीवरच्या घड्याळाचे काटे फिरवून दाखवले. तिने काटे परत जागेवर आणायला लावले आणि मगच ती उठली.

येताना उलटा भास होतो. समजा विमान २० जानेवारीला सकाळी दहाला सॅन फ्रान्सिस्कोहून सुटले आणि २१ जानेवारीला दुपारी तीनला दिल्लीत उतरणार आहे. नुसती वजाबाकी एकोणतीस तास सांगते. पण तिकडचे सकाळचे दहा म्हणजे आपले २० तारखेच्या रात्रीचे साडेअकरा. तिथून दुसऱ्या दिवशी दुपारी तीनपर्यंत साडेपंधरा तासच होतात. वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली की नाही याची काळजी या रीतीत करावी लागत नाही, कारण आपण घड्याळ बदललेलेच नाही.

एका गोष्टीने मात्र दरवर्षी घोटाळा होतो. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे आणतात. त्यामुळे सॅन फ्रान्सिस्को उन्हाळ्यात साडेतेराऐवजी साडेबारा तासच मागे असते. ब्रिटनमध्ये हाच बदल मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो. लंडन हिवाळ्यात साडेपाच तास मागे असते, उन्हाळ्यात साडेचार. मार्चमध्ये अमेरिकेचे घड्याळ बदललेले आणि ब्रिटनचे न बदललेले असे दोन-तीन आठवडे मधे जातात. त्या काळात लंडनमार्गे अमेरिकेला जाणाऱ्याने फरक तोंडपाठ असला तरी पुन्हा तपासावा. आखाती देशांत घड्याळ असे बदलत नाहीत. दुबई वर्षभर आपल्या दीड तास मागे आणि दोहा अडीच तास मागे असते.

मध्यरात्रीनंतरच्या विमानांबाबत माझ्याच हातून झालेली चूक सांगतो. माझ्या भाच्याचे मुंबईहून सुटणारे विमान १२ मे रोजी ००:४० वाजता होते. मी तिकीट पाहिले, १२ तारीख वाचली, आणि १२ ला सकाळी वर्ध्याहून गाडी धरली तरी रात्री वेळेत पोहोचशील असे त्याला सांगितले. ००:४० म्हणजे ११ तारखेची रात्र बारा वाजता संपल्यानंतरची चाळीस मिनिटे, हे घड्याळ शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाच्या ध्यानात आले नाही. तो वर्ध्याच्या स्टेशनावर उभा होता तेव्हा त्याचे विमान केव्हाच निघून गेलेले होते. दुसऱ्या तिकिटाचे अर्धे पैसे मी दिले. बहिणीने ते घ्यायला नको म्हटले नाही. तेव्हापासून ०० पासून ०३ पर्यंतची कोणतीही वेळ दिसली की मी तिकिटावरच पेनाने आदल्या दिवसाचा वार लिहितो.

गावातून निघण्याची वेळ

हा हिशेब शेवटाकडून सुरुवातीकडे करावा. पुन्हा तेच विमान घेऊ : दिल्ली, १५ जानेवारी, पहाटे चार. आंतरराष्ट्रीय उड्डाणाआधी तीन तास, म्हणजे रात्री एकला दिल्लीच्या विमानतळावर हजर असायला हवे. मुलाने नागपूरहून १४ तारखेचे रात्री आठचे विमान घेतले, जे पावणेदहाला दिल्लीत उतरत होते. त्याच्या वडिलांना मधले सहा तास वाया गेल्यासारखे वाटत होते आणि मध्यरात्रीच्या सुमाराला पोहोचणारे विमान शोधावे असा त्यांचा आग्रह होता. मी नको म्हटले. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीवर दाट धुके असते, रात्रीची विमाने तासन् तास खोळंबतात आणि सहा तासांची फुरसत तेव्हा कामी येते. शिवाय नागपूर-दिल्ली आणि दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को ही दोन्ही उड्डाणे एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरमध्ये असावीत. तशी असली तर सामान सहसा पुढेपर्यंत जाते आणि पहिल्या विमानाच्या उशिरामुळे दुसरे चुकले तर पुढची सोय कंपनीला करावी लागते. दोन सुटी तिकिटे घेतली तर चुकलेले विमान आपले आपणच सोसायचे.

आठच्या विमानासाठी सहाला सोनेगावच्या विमानतळावर. आमच्या गावातून तळेगाव, कारंजा, कोंढाळी करत नागपूर अडीच ते तीन तास. हिवाळ्यात कापसाच्या आणि संत्र्यांच्या गाड्या रस्त्यावर असतात म्हणून अर्धा तास जास्तीचा. म्हणजे दुपारी अडीचला घरून निघणे. १४ तारखेच्या दुपारी अडीचपासून आपल्या घड्याळात १५ च्या रात्री आठपर्यंत साडेएकोणतीस तास होतात, आणि उतरल्यावर पासपोर्टची रांग व सामान यांत दीड-दोन तास जातात. मुलाचा "पोहोचलो" असा निरोप रात्री दहाच्या आधी येणार नाही, असे मी घरी लिहून दिले. तो सव्वादहाला आला.

फोन करण्यासाठी आजीला वेगळी, सोपी रीत दिली आहे. आपल्या घड्याळातले जे वाजले असतील ते तसेच ठेवून रात्रीची सकाळ किंवा सकाळची आदल्या दिवसाची रात्र करायची, आणि मग हिवाळ्यात दीड तास मागे यायचे, उन्हाळ्यात अर्धा तास. आपले रात्रीचे आठ म्हणजे तिकडचे हिवाळ्यात सकाळचे साडेसहा आणि उन्हाळ्यात साडेसात. मार्च आणि नोव्हेंबरच्या त्या दोन रविवारांवर तिच्या नातीने कालनिर्णयात लाल पेनाने गोल केले आहेत.